कऱ्हेची कर्हा कोणी केली?

सणासुदीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये, असे आमच्याकडची म्हातारी माणसे सांगत. पण दिवाळी अंकाची चार पाने कधी नव्हे ती वाट्याला आली आहेत, आणि भांडण तर वर्षभर पोटात साठलेले आहे. तेव्हा वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता ते ऐकून घ्या.

भांडण एका अक्षराचे आहे. बारामती-इंदापूरकडचा आमचा टापू म्हणजे कऱ्हाटी. या नावातच नदी आहे. कऱ्हा पुरंदरच्या डोंगरात उगवते, सासवड, जेजुरी, मोरगाव करीत बारामतीला येते आणि पुढे सोनगावापाशी नीरेला मिळते. तिच्या दोन अक्षरी नावात मराठीचे एक खास लेणे आहे. तिच्यातल्या 'ह'च्या डोक्यावर रफार नाही. त्याच्या अंगाला र-ची एक आडवी कोर बिलगलेली आहे. संस्कृताला ती ठाऊक नव्हती, हिंदीचे तिच्यावाचून अडत नाही. मराठीने ती राखली, तशीच कोकणीने आणि दूरच्या नेपाळीनेही. कुऱ्हाड, चऱ्हाट, गुऱ्हाळ, पऱ्हाटी, बिऱ्हाड, वऱ्हाड, असा कुणब्याचा अवघा संसार त्या कोरीवर तोललेला आहे. आणि आता हल्लीची पुस्तके, जाहिराती, कचेऱ्यांचे कागद, लग्नपत्रिका उघडून पाहा. 'कर्हा', 'गुर्हाळ', 'शेतकर्यांना'! शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज होतेच, आता रफारही येऊन बसला.

हे पाहिले की विद्वान मंडळी ताबडतोब आम्हा मास्तरांकडे बोट दाखवतात. पोरांना व्याकरण येत नाही, मास्तर शिकवीत नाहीत, भाषा रसातळाला चालली, हे ठरलेले पालुपद. मी गावात मुलांना मराठी शिकवतो आणि छातीवर हात ठेवून सांगतो, की आमच्या पाचवीतल्या पोराला 'कऱ्हा' लिहिता येते. तो रोज तिचा पूल ओलांडून येतो. या वेळचा अपराधी दुसराच आहे. नवे हत्यार जुनी फाईल उघडते, तिच्यातले जे समजत नाही ते आपल्या मर्जीने बदलून टाकते आणि 'काम झाले' म्हणून सांगते. माझा दावा त्याच्यावर आहे, आणि हा प्रकार निमूट चालवून घेणाऱ्या शहाण्यांवरही आहे.

'मास्तर, तुम्हाला यातले काय कळते?' असे मला विचारले जाते. माझे शिक्षण आजोबांच्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिकपर्यंतचे. कबूल. पण ज्याचे घर जळाले त्याला आगीचे रसायनशास्त्र येत नसले तरी घर कुठून पेटले ते त्याने पाहिलेले असते.

इंदापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, कारण माणसे भली आहेत. त्या संस्थेत कर्जाच्या पावत्या छापणारा एक जुना प्रोग्राम होता. नव्वदीच्या दशकात कोणा होतकरू माणसाने तो लिहिला होता. त्या वेळी मराठीसाठी संगणकात जिस्ट नावाचे एक कार्ड बसवीत. कानपूरच्या आय. आय. टी.त सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढीस लागले. पावतीवर येणारे मराठी शब्द, म्हणजे 'थकबाकी', 'जामीनदाराची सही', 'व्याजासह येणे', हे सारे त्या प्रोग्रामच्या मजकुरातच ओळीओळीने लिहिलेले होते. वीसेक वर्षे प्रोग्राम बिनतक्रार चालला. मग व्याजाचा दर बदलला. बदलायचा होता एक आकडा. एक तरुण इंजिनियर आला, त्याने ती फाईल आपल्या लॅपटॉपवर घेतली, अद्ययावत साधनात उघडली, आकडा बदलला, जतन केली आणि चहा पिऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी पावती निघाली. आकडे अगदी बरोबर, व्याज पैशापैशाला बरोबर. आणि जिथे जिथे मराठी शब्द होता तिथे तिथे नुसती अगम्य चिन्हांची रांग. मूळ फाईलवरच नवी लिहिली गेल्यामुळे जुनी कुठेही शिल्लक नव्हती.

हे घडते कसे, ते समजून घ्यायला फार बुद्धी लागत नाही. संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. जुन्या व्यवस्थेत एका अक्षराला एक घर, आणि घरे एकंदर 256. पहिली 128 घरे रोमन अक्षरांना आणि अंकांना दिलेली. ती साऱ्या जगात जवळपास एकसारखी. उरलेल्या वरच्या आळीत ज्याने त्याने आपापली बिऱ्हाडे थाटली. आपल्याकडे तिथे भारतीय लिप्या बसवल्या, आणि भारतीय मानक संस्थेने 1991 साली त्या व्यवस्थेचे, म्हणजे इस्कीचे, प्रमाण ठरवून दिले. त्याच 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या सर्व लिप्यांना एकच मोठा वाडा, प्रत्येक अक्षराला स्वतंत्र खोली. देवनागरीच्या वाट्याला 128 खोल्यांची एक ओळ आली, आणि तिची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून घेतलेली.

आता नवे साधन जुनी फाईल उघडताना असे धरून चालते, की हिच्यातले सारे आकडे नव्याच पद्धतीचे असणार. वरच्या आळीतला आकडा आला की ते गोंधळते, कारण नव्या पद्धतीत तसा एकटा-दुकटा आकडा बहुधा निषिद्ध असतो. तेव्हा ते त्या जागी एक ठरावीक चिन्ह दाखवते. काळा चौकट आणि त्यात प्रश्नचिन्ह. इथपर्यंत माझी तक्रार नाही. न कळलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह करणे हे प्रामाणिक विद्यार्थ्याचे लक्षण आहे. पण जतन करताना हे महाशय मूळ आकडा टाकून देतात आणि ते प्रश्नचिन्हच फाईलमध्ये लिहून ठेवतात! 'क' असो, 'ख' असो, 'थ' असो, सगळ्यांच्या जागी तेच एक चिन्ह. एकदा सगळ्यांना एकच मुखवटा चढवला, की कोणत्या मुखवट्यामागे कोण होते हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. मोडलेले सांधता येते. हे तर दळून पीठ झाले.

आणि यातली खरी मेख ध्यानात घ्या. प्रोग्रामच्या आज्ञा रोमन अक्षरांत असतात. रोमन अक्षरांची घरे जुन्या-नव्या दोन्ही व्यवस्थांत तीच. म्हणून त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. आज्ञा शाबूत, बेरीज-वजाबाकी शाबूत, यंत्राची काहीच तक्रार नाही. मरते ते फक्त मराठी. अमेरिकेत बसून ही हत्यारे घडवणाऱ्याला हा रोग कधी दिसतच नाही, कारण त्याची स्वतःची फाईल कधी आजारी पडत नाही. ज्याच्या घरात उंबरा नाही त्याला ठेच कशी लागणार? त्याचा मी फारसा राग करीत नाही. राग येतो तो आपल्या पोरांचा. पुण्या-मुंबईत याच हत्यारांवर पोट भरणारी हजारो मराठी मुले आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या साहेबाला ठणकावून सांगितले, की ही फाईल कोणत्या पद्धतीची आहे हे न विचारता जतन करणे हा गुन्हा आहे?

पतसंस्थेच्या मंडळींनी मग मला बोलावले. 'गुरुजी, तुम्ही मराठीचे, तेवढे शब्द पुन्हा लिहून द्या.' जुन्या पावत्यांचे गठ्ठे काढले, धूळ झटकली, आणि तीन रविवार बसून कागदावरून एकेक शब्द पुन्हा उतरवला. वीस वर्षांची मराठी संगणकात नाहीशी झाली होती. वाचली ती सुतळीने बांधलेल्या कागदाच्या गठ्ठ्यात.

हा झाला एका फटक्यात मृत्यू. कऱ्हेची कर्हा होते तो प्रकार याहून घातकी, कारण त्यात मजकूर मरत नाही, वेड लागल्यासारखा बरळू लागतो.

छापखान्याचे दिवस आठवा. जुळाऱ्यापुढे केस असे, केसमध्ये खण, खणात खिळे. कोणत्या खणात कोणता खिळा हे त्याच्या हाताला पाठ. समजा एका जुळाऱ्याने मजकूर लिहून ठेवण्याऐवजी नुसते खणांचे क्रमांक लिहून ठेवले. सतरा, चार, एकेचाळीस. ती चिठ्ठी त्याच छापखान्यात कामाची; शेजारच्या छापखान्यात नेली, की तिच्यातून भलतेच निघणार. नव्वदीपासून पुढली पंधरा-वीस वर्षे आपली बहुतेक मराठी अशा चिठ्ठ्यांवरच लिहिली गेली. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, ज्याचा त्याचा फाँट, ज्याचे त्याचे खण. पुस्तके, मासिके, निमंत्रणे, प्रश्नपत्रिका, आणि याच दिवाळी अंकांची मागली कित्येक वर्षे त्यांतच जुळवलेली. फाँट हरवला, की पडद्यावर उरते ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी.

या चिठ्ठ्या युनिकोडमध्ये आणायच्या तर नुसते खणामागे खण बदलून भागत नाही. जुन्या फाँटात डोळ्यांना दिसते त्या क्रमाने टंकलिखित होई. ऱ्हस्व वेलांटी आधी, मग अक्षर. युनिकोडात उच्चाराचा क्रम. आधी अक्षर, मागून वेलांटी. 'स्थिती' लिहिताना त्या वेलांटीला स आणि थ दोघांवरून उडी मारून पलीकडे जावे लागते. रफाराचे उलट. 'कर्ज' मध्ये तो जुन्या पद्धतीत ज-नंतर मारलेला. नव्यात तो ज-च्या आधी यायला हवा. आणि ती आमची आडवी कोर? तिचा खणच निराळा. घाईगर्दीत रूपांतराचे साधन बनवणाऱ्याने पाहिले, हाही र, तोही र. दोघांना एकाच खोलीत कोंडले आणि मोकळा झाला.

बरे, कोर एकदा सुखरूप आली तरी तिचा वनवास संपत नाही. युनिकोडात ती लिहिण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत साधा र, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह. नव्या रीतीत टिंबवाला ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन निराळे शब्द. एका रीतीने शोधाल तर दुसरा सापडेलच अशी खात्री नाही. आता जुन्या रीतीची फाईल एखाद्या टापटिपीच्या साधनात घातली, की ते म्हणते, हे न दिसणारे चिन्ह कशाला हवे? झाडून टाक! चिन्ह गेले की कोर उभी राहू शकत नाही; ती उडी मारून पुढल्या अक्षराच्या डोक्यावर चढते आणि रफार होते. टिंबाचीही तीच कथा. खालचे टिंब म्हणजे कचरा समजून पुसले, की पुन्हा रफार. नव्या सुनेने देवघर झाडताना शाळिग्राम खडा म्हणून टाकावा, तशातली गत!

'अहो, पण अर्थ तर कळतो ना?' हा दुसरा युक्तिवाद. कळत नाही! दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना बोलवा म्हणून निरोप धाडला आणि त्याचे आचार्यांना झाले, तर लग्नघरी बुंदी कोण पाडणार? माझ्या एका कादंबरीत धनगर आपली मेंढरे घेऊन 'दऱ्याखोऱ्यांतून' चालतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी ती बारामतीत जुन्या फाँटात जुळवली होती. दुसऱ्या आवृत्तीसाठी जुनी फाईल नव्या साधनात घातली, आणि माझा धनगर 'दर्याखोर्यांतून' चालू लागला. मेंढरांसकट समुद्रात!

अर्थ बाजूला ठेवा, कानाचे काय? आमच्या बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंत राहत होते. जन्म 1729 चा, देहावसान 1794 चे. आर्येची मात्रा न् मात्रा मोजणारा हा कवी. शाळेत लघु-गुरू शिकवताना मी मुलांना सांगतो, जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला की ते गुरू होते; पण 'ऱ्ह', 'ऱ्य' असे असले की आघात पडत नाही, मागचे अक्षर लघूच राहते. म्हणून 'कऱ्हा' तीन मात्रांची, 'कर्हा' चार मात्रांची. 'दऱ्या' तीन, 'दर्या' चार. एखादी आर्या या यंत्राच्या हाती दिली आणि तिच्यात असा एक शब्द असला, तर ती तिथेच लंगडी झाली. मोरोपंतांनी रामायणे तरी किती तऱ्हांची रचली! एकात ओष्ठ्य वर्णच नाहीत, दुसऱ्यात ठरावीक जागची अक्षरे घेत गेले तर मंत्र निघतो. अशा रचनेत एक अक्षर हलले तर काय होईल, याची कल्पना आमच्या या झाडूवाल्यांना असणे शक्य नाही.

आमच्या परंपरेला जुन्या ग्रंथाला हात लावणे वर्ज्य नव्हते, हेही सांगितले पाहिजे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरांनी तिच्यात अशुद्धे शिरली होती, ती त्यांनी काढली. पण काय केले हे सांगितले, केव्हा केले त्याचा शक लिहिला, आणि पुढच्यांना बजावले की यात कोणी आपल्या पदरची भर घालू नये. जुनी फाईल नव्या हाताने कशी संपादावी याचा इतका स्वच्छ नमुना पैठणात सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ पडून आहे. आमची यंत्रे बदल करतात, पण बदलले हे सांगत नाहीत. केव्हा बदलले ते सांगत नाहीत. आणि मूळ प्रत खाऊन टाकतात.

कोणी म्हणेल, हे तुमचे मराठीचे रडगाणे आहे. तसे नाही. यंत्राची ही न विचारता सुधारण्याची खोड साहेबालाही नडलेली आहे. माणसाच्या जनुकांना शास्त्रज्ञांनी जी छोटी नावे दिली होती, त्यांत 'मार्च1', 'सेप्ट2' अशी काही होती. एक्सेल नावाच्या तक्त्याच्या साधनात ती घातली, की साधन त्यांच्या तारखा करी. पहिली मार्च, दोन सप्टेंबर! 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अशा जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत ही घाण आढळली. मग 2020 मध्ये नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काय केले? साधनाला दटावायचे सोडून जनुकांचीच नावे बदलली. 'सेप्ट2'चा 'सेप्टिन2' झाला. ती आपोआप सुधारणा बंद करण्याची कळ साधनात आली ती 2023 मध्ये. शास्त्रज्ञांनी आपले नाव बदलून घेतले, त्यांची मर्जी. आम्ही काय करावे? कऱ्हेचे नाव बदलावे? आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले. ते यंत्राला पेलत नाही म्हणून पुस्तकाचे नव्याने बारसे करावे?

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. मी युनिकोडचा वैरी नव्हे. जुन्या फाँटाला कवटाळून बसलेले काही छापखानेवाले आणि कचेऱ्या अजून आहेत; त्यांचीही मला चीड आहे. खणांच्या चिठ्ठ्या वाढवीत राहणे म्हणजे नातवंडांसाठी कुलपे करून किल्ल्या विहिरीत टाकणे आहे. वाड्यात राहायला गेलेच पाहिजे. तक्रार बिऱ्हाड हलवण्याविषयी नाही, हमालांविषयी आहे.

हमालांकडून मागणे तरी काय फार आहे? जी फाईल ओळखता येत नाही ती उघडायला हरकत नाही, पण तिच्यावर लिहायला बंदी. जतन करायचेच असेल तर निराळ्या नावाने, मूळ फाईल आहे तशी ठेवून. आणि जतन करण्यापूर्वी स्पष्ट विचारावे, की 'यातली इतकी अक्षरे मला कळली नाहीत, ती नष्ट होतील, चालेल काय?' एवढा एक प्रश्न त्या पतसंस्थेच्या इंजिनियरपुढे आला असता, तर तो चहा थंड होऊ देऊन मागे फिरला असता. ज्या कंपन्यांनी जुने फाँट विकून पैसा केला, त्यांनी आपल्या खणांचे नकाशे आता जाहीर करावेत. त्या व्यापाराचे दिवस संपले आहेत, गुपित जपून त्यांना काय मिळणार? प्रकाशकांनी जुन्या फाईलीसोबत तिचा फाँटही त्याच पेटीत ठेवावा आणि रूपांतर झाल्यावर मुद्रिते माणसाकडून वाचून घ्यावीत, तीही छापील पहिल्या आवृत्तीशी ताडून. रूपांतर शेकडा पंच्याण्णव बरोबर होते, असे एका दुकानदाराने मला अभिमानाने ऐकवले. शंभर शब्दांत पाच चुका म्हणजे माझ्या शाळेत त्या मुलाला शुद्धलेखनाची वही पुन्हा लिहावी लागते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी वडिलांची, आजीची आठवणींची वही कोणी हौसेने टंकून ठेवली असेल, कुळाची वंशावळ, गावचा इतिहास, स्वर्गवासी मामांच्या कविता, त्यांनी दिवाळीच्या झाडलोटीत सापडलेली ती तबकडी नव्या लॅपटॉपवर लावताना घाई करू नये. आधी तिची जशीच्या तशी एक नक्कल काढावी, मगच उघडावी. पडद्यावर रोमन खिचडी दिसली तर ती पुसू नये, 'बिघडली' म्हणून फेकूही नये; ती बिघडलेली नाही, तिचा फाँट जागेवर नाही, इतकेच. कागदावरची प्रत असेल तर ती रद्दीत घालू नये.

माझ्या कादंबरीचे तिसरे मुद्रित गेल्या आठवड्यात आले. प्रकाशकांनी कळवले आहे की सर्व 'दर्या' एका दमात बदलून 'दऱ्या' केले. पाहतो तो शेवटच्या प्रकरणात, जिथे धनगराचा मुलगा मुंबईला जाऊन पहिल्यांदा समुद्र पाहतो, तिथे त्याच्यापुढे आता दऱ्या उसळते आहे. लाल शाई घेऊन बसलो आहे. अजून एकशे चाळीस पाने बाकी आहेत.